कोरडी बाजू

सोलापुरात पाऊस नाही, नाही म्हणता म्हणता
सप्टेंबरात तो नेमका शिफ्ट सुटताना येतो.
कारखान्याच्या गेटबाहेर चाळीस गाड्या
आणि प्रत्येक सीटवर मालकाचा स्वभाव.

मल्लेशमनं खताची पिशवी चढवलीय, सुतळीनं आवळून.
बशीरभाईंचं कव्हर विकतचं, इलॅस्टिकवालं.
एकानं साडीच्या दुकानातली थैली पसरून वर वीट ठेवली होती;
थैली गेली, वीट राहिली.
तो विटेकडं बघत उभा, भिजत.

माझ्या सीटला चीर आहे, वीतभर.
वरून रेक्झिन पुसलं की कोरडं दिसतं,
पण आतला स्पंज पाणी धरून बसलेला असतो.
दोन दिवस ऊन पडलं तरी ब्र काढत नाही.
मी बसलो की बोलतो.

तसं मला सगळं माहीत आहे.
गाडी मधल्या स्टँडवर लावावी, आडव्या स्टँडवर पाणी एका कुशीला साचतं.
झाडाखाली लावू नये:
पाऊस थांबतो, झाड थांबत नाही.
पिशवी काढताना पुढून मागं गुंडाळत न्यावी,
नाहीतर सगळं तळं आपल्याच मांडीवर.
हे मी नव्या पोरांना सांगतो.
चीर शिवून घे की बे, म्हणतात पोरं.
दिवाळीला, म्हणतो.
कोणत्या दिवाळीला, ते विचारत नाहीत.

दिवसाला दीडशे टॉवेल उतरतात माझ्या लूमवरून.
सीट पुसायला एक मागितला होता, काठ सुटलेला, फॉल्टचा.
शेठ म्हणाले, फॉल्टचा माल किलोवर जातो.
मग दिला. पगारात धरला.

घरी राजमणीचं उलटं असतं.
तिला पान ओलं लागतं.
रात्री पानं भिजवते, गोणपाटात गुंडाळते,
सकाळी गालाला लावून बघते: झालं की नाही.
पान ओलं, तंबाखू कोरडी, बोटं मधे कुठंतरी.
वाळलेलं पान वळताना फाटतं,
ओली विडी चेकर फेकतो.
मागच्या पावसात दोन कट्टे छाट झाले.
त्या दिवशी ती काही बोलली नव्हती,
फक्त भाकरी जरा जास्त थापली होती.

आज शनिवार, माल द्यायचा दिवस.
आणि दाराशी पाऊस, आडवा.
मी सीटवरची पिशवी नीट केली,
खाली टॉवेलची घडी, कोपरे आत खोचलेले,
मनात म्हटलं, आज दोघंही कोरडे पोचणार.
आगु, म्हणाली ती.
तिनं पिशवी ओढून काढली.
डबा आत घातला, तोंडाला गाठ मारली,
त्यावर टॉवेल, त्यावर पदर.

अगं, सीट?
आपण वाळू, म्हणाली.
विडी वाळत नाही, वाकडी होते.

विडी घरकुलापासून अशोक चौकापर्यंत
स्पंज बोलत राहिला.
खड्डा आला की माझ्याशी, खड्डा गेला की तिच्याशी.
तिनं एका हातानं मला धरलं होतं
आणि दुसऱ्या हातानं डबा,
डबा जरा जास्त घट्ट.

रांगेत पंधरा-वीस बायका.
सगळ्यांच्या पाठीमागं तोच ओला ठसा,
कुणाचा गोल, कुणाचा लांबट,
आणि सगळ्यांचे डबे कोरडे.
एकमेकींकडं बघून त्या तेलुगूत काहीतरी म्हणाल्या
आणि हसल्या; चेकरला कळलं नाही, बरं झालं.
त्यानं कट्टा नाकाशी धरला,
एक विडी दोन बोटांत दाबली,
पुढं सरकवला.
बोलला नाही म्हणजे पास.

बाहेर आलो तर ऊन पडलेलं.
राजमणी पैसे मोजत होती.
मी पिशवी झटकली
आणि ओल्याच सीटवर परत चढवली,
सवयीनं, कोपरे आवळून, नीट.